मालमत्ता कराच्या संगणकप्रणालीत डेटा चढवण्याआधी स्प्रेडशीट कशी तयार करावी

पालिकेत मालमत्ता कराची नवी संगणकप्रणाली घेण्याचं ठरतं, पुरवठादार एक कोरं टेम्प्लेट (रकाने ठरवून दिलेली फाइल) पाठवतो आणि जुन्या एक्सेल फायलींमधला डेटा त्यात बसवून देण्याचं काम कर विभागातल्या एखाद्या नवीन माणसाकडे येतं. वरवर पाहता हे कॉपी-पेस्टचं काम. पण त्या शीटमधली प्रत्येक ओळ पुढे कुणाच्या तरी घराचं बिल होणार असते. एक ओळ चुकली की एकाची थकबाकी दुसऱ्याच्या नावावर चढते, आणि ती उतरवून घेण्यासाठी त्या माणसाला जुन्या पावत्या घेऊन खेटे घालावे लागतात. चूक आपली आणि हेलपाटे त्याचे, असं होऊ नये एवढ्यासाठी तरी हे काम सावकाश आणि मन लावून करायला हवं.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. प्रणालीने फाइल स्वीकारली याचा अर्थ डेटा बरोबर आहे असा होत नाही. प्रणाली फक्त साचा तपासते: रकाना रिकामा आहे का, तारखेच्या जागी तारीख आहे का, दिलेला कोड यादीत आहे का. थकबाकीची रक्कम खरी आहे की नाही, हे तिला कळायला काही मार्गच नसतो. ते कळतं फक्त जुन्या आणि नव्या बेरजा ताडून पाहिल्यावर. म्हणून बेरजांपासूनच सुरुवात करायची.

पायरी १: मूळ फाइल बाजूला ठेवा, बेरजा लिहून घ्या

मिळालेल्या सगळ्या फायलींची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, ती फक्त वाचण्यापुरती उघडेल अशी करा आणि तिला पुन्हा हात लावू नका. सगळी साफसफाई दुसऱ्या प्रतीवर करा. त्या प्रतीच्या नावात तारीख आणि टप्पा असू द्या. 'फायनल', 'फायनल नवीन' अशी नावं दिलीत तर महिन्याभराने त्यातली कोणती चढवली होती हे कुणालाच सांगता येत नाही.

आता काहीही बदलण्याआधी आकडे काढा. प्रभागनिहाय मालमत्ता किती, चालू मागणी (या वर्षी आकारलेला कर) किती, थकबाकी किती, वसुली किती, आगाऊ जमा किती. हे आकडे वेगळ्या शीटमध्ये लिहा, पण सूत्र म्हणून नव्हे, टंकलेला आकडा म्हणून. सूत्र ठेवलंत तर खालचा डेटा बदलला की बेरीजही मुकाट्याने बदलेल आणि ताडून पाहायला काही उरणारच नाही.

त्याच दिवसाची थकबाकीची बेरीज लेखा विभागाकडूनही मागून घ्या. ती तुमच्या शीटशी जुळली तर उत्तम. बहुतेक वेळा थोडाफार फरक निघतो. तो फरक आजच लिहून, संबंधित अधिकाऱ्याची सही घेऊन ठेवा. कारण वर्षानुवर्षं चालत आलेला हा फरक आधी नोंदवला नाही, तर इम्पोर्टनंतर, म्हणजे डेटा प्रणालीत चढवल्यावर, तो तुमच्या कामातला घोळ ठरतो.

आणखी एक निर्णय याच टप्प्यावर हवा: कोणत्या तारखेपर्यंतचा डेटा घ्यायचा? भरणा खिडकी तुमच्यासाठी थांबणार नाही, लोक रोज पैसे भरत राहणार. एक तारीख ठरवा, त्या दिवशी संध्याकाळी खिडकी बंद झाल्यावरची स्थिती घ्या आणि त्यानंतरच्या पावत्या वेगळ्या फायलीत साठवत जा. त्या सर्वांत शेवटी चढवायच्या असतात.

पायरी २: एक ओळ म्हणजे नेमकं काय, ते ठरवा

टेम्प्लेट उघडल्यावर नवखा माणूस रकान्यांची नावं बघतो. त्याआधी बघण्यासारखी गोष्ट ही की टेम्प्लेटमध्ये एक ओळ कशाची आहे. मालमत्तेची? मालकाची? की एका मालमत्तेच्या, एका वर्षाच्या, एका करप्रकाराच्या मागणीची?

जुनी शीट माणसाने वाचण्यासाठी केलेली असते. त्यात एका मालमत्तेची एक ओळ आणि पुढे आडवे रकाने असतात: २०२०-२१ ची थकबाकी, २०२१-२२ ची थकबाकी, आणि असंच पुढे. प्रणालीला बहुधा हेच उभं हवं असतं, म्हणजे प्रत्येक वर्षासाठी वेगळी ओळ. हे हाताने करू नका. एक्सेलमधल्या पॉवर क्वेरीत 'अनपिव्हॉट' नावाची सोय आहे. मालमत्ता क्रमांकाचा रकाना निवडून 'बाकीचे रकाने अनपिव्हॉट करा' असं सांगितलं की आडवे रकाने आपोआप उभे होतात. शिवाय पॉवर क्वेरी केलेल्या पायऱ्या ओळीने लिहून ठेवते, त्यामुळे मूळ फाइल बदलून आली तरी सगळं पुन्हा एका क्लिकवर करता येतं.

मात्र ओळी किती वाढतात याचा हिशेब आधीच करा. पाच वर्षं आणि चार करप्रकार असतील तर एका मालमत्तेच्या वीस ओळी होतात. साठ हजार मालमत्तांच्या बारा लाख. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत, आणि फाइल जुन्या एक्सएलएस प्रकारात असेल तर ही मर्यादा फक्त ६५,५३६ आहे. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेत पुढे गेल्या नाहीत, त्याचं कारण हीच जुनी मर्यादा होती. येणारी फाइल मोठी होती, ती जुन्या प्रकारच्या शीटमध्ये ओतली जात होती आणि जास्तीच्या ओळी गळत होत्या. आपला डेटा मोठा असेल तर प्रभागनिहाय तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याची बेरीज वेगळी नोंदवा.

मालकांचंही तसंच. एका मालमत्तेला अनेक मालक असू शकतात आणि एका मालकाच्या अनेक मालमत्ता. जुन्या शीटमध्ये हे सगळे एकाच सेलमध्ये कोंबलेले असतात: तीन नावं, मग 'व इतर'. स्वल्पविराम दिसला तिथे आपोआप तोडायचा मोह होतो, तो टाळा. स्वल्पविरामानंतर कधी दुसऱ्या मालकाचं नाव असतं, कधी 'मयत', कधी 'अज्ञान पालनकर्ता अमुक', म्हणजे अल्पवयीन मालकाचा पालक. हा रकाना माणसाने वाचूनच तोडायचा आहे. त्याला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो, कारण बिल कुणाच्या नावाने निघणार ते इथेच ठरतं.

हे कळलं की रकाना-जुळणीचा तक्ता करा. जुना रकाना, नवा रकाना, बदलाचा नियम आणि तो नियम कुणी ठरवला, असे चार रकाने पुरेत. चौथा रकाना सोडू नका. 'वापर: गोडाऊन' हे नव्या प्रणालीत व्यावसायिक धरायचं की औद्योगिक, हा निर्णय डेटा भरणाऱ्याचा नाही, कर आकारणी अधिकाऱ्याचा आहे. त्याने दरच बदलतो.

पायरी ३: मालमत्ता क्रमांक जपा

माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत नाजूक रकाना हाच आहे. नाव चुकलं तर दुरुस्त होतं. क्रमांक चुकला तर मालमत्ता, मालक, मागणी आणि पावती यांची एकमेकांशी असलेली गाठच सुटते.

अडचण अशी की एक्सेल मदत करायला जातं. सेलमध्ये आलेला मजकूर आकड्यासारखा किंवा तारखेसारखा दिसला की ते परस्पर त्याचं रूपांतर करतं. क्रमांक ००४५१२ असेल तर पुढची दोन शून्यं जातात आणि ४५१२ उरतं. क्रमांकात १२, मग इंग्रजी ई अक्षर आणि मग ५ असेल, तर एक्सेल त्याला '१२ गुणिले दहाचा पाचवा घात' समजतं आणि सेलमध्ये बारा लाख बसतात. सोळा किंवा अधिक अंकी क्रमांक असेल तर फक्त पहिले १५ अंक टिकतात आणि पुढच्या प्रत्येक अंकाचं शून्य होतं. शेवटचा अंक वेगळा असलेल्या दहा मालमत्ता अशा वेळी एकाच क्रमांकाच्या होऊन बसतात.

तारखेचा प्रकार तर फारच फसवा. प्रभाग १२ मधलं घर ३ म्हणून कुणीतरी १२-३ असं टंकलं. दिवस-महिना क्रमाच्या संगणकावर एक्सेल त्याला १२ मार्च समजतं आणि चालू वर्ष स्वतःच जोडतं. २०२४ मध्ये टंकलं असेल तर त्या सेलच्या पोटात आता ४५३६३ हा आकडा आहे, कारण एक्सेल तारखा १ जानेवारी १९०० पासूनच्या दिवसांच्या मोजणीने साठवतं. तुम्ही मागाहून सेलचा प्रकार 'टेक्स्ट' केलात तर १२-३ परत येत नाही, ४५३६३ दिसतं. त्यामुळे मालमत्ता क्रमांकांच्या रकान्यात अचानक पंचेचाळीस हजारांच्या घरातले आकडे दिसले तर ते क्रमांक नाहीत, बिघडलेल्या तारखा आहेत असं समजा.

हा त्रास जगभर आहे. मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलून घेतली, कारण मार्च आणि सप्टेंबर यांसारखी दिसणारी त्यांची संक्षिप्त नावं एक्सेलमध्ये तारखा होऊन जात होती. पुढे २०२३ मध्ये हे आपोआप होणारं रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलच्या सेटिंगमध्ये आली. तुमच्या आवृत्तीत ती असेल तर कामाला बसण्याआधी हे रूपांतर बंद करून घ्या.

सेटिंग नसेल तरी उपाय सोपा आहे: रकाना आधी 'टेक्स्ट' करायचा आणि मग त्यात डेटा आणायचा. क्रम उलटा झाला तर उपयोग नाही. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) डबल-क्लिक करून कधीही उघडू नका. एक्सेलच्या 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' वापरा आणि क्रमांकाचा रकाना टेक्स्ट असल्याचं तिथेच सांगा. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये फाइल उघडतानाच एक खिडकी येते, तिच्यात प्रत्येक रकान्याचा प्रकार आणि एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) निवडता येतं.

शून्यं आधीच गेली असतील तर? सगळे क्रमांक ठराविक लांबीचे असतील, उदाहरणार्थ सहा अंकी, तर पुढे शून्यं जोडून लांबी पूर्ण करता येते. लांबी ठराविक नसेल तर अंदाजाने काही करू नका. अशा ओळी बाजूला काढा आणि कागदी नोंदवहीशी ताडा.

दुबार क्रमांक शोधताना आणखी एक खड्डा आहे. 'काउंटइफ' हे सूत्र टेक्स्ट म्हणून ठेवलेल्या लांब क्रमांकांनाही आकडा समजून पहिल्या १५ अंकांपुरतंच ताडतं. त्यामुळे वेगवेगळे क्रमांक दुबार असल्यासारखे दाखवतं. लांब क्रमांकांसाठी रकाना क्रमाने लावून शेजारच्या ओळींची 'एक्झॅक्ट' या सूत्राने तुलना करणं जास्त भरवशाचं.

खरोखर दुबार निघाले तरी 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' दाबू नका. एकाच क्रमांकाच्या दोन ओळी म्हणजे कधी तळमजला आणि वरचा मजला असतो, कधी वाटणी झालेलं घर, कधी नाव बदलल्यावर राहून गेलेली जुनी नोंद. तिन्हींचं उत्तर वेगळं आहे आणि ते प्रभागातल्या कर्मचाऱ्याला माहीत असतं. यादी काढून त्याच्याकडे द्या.

शेवटी रिकाम्या जागा. क्रमांकाच्या मागे-पुढे स्पेस असेल तर तो प्रणालीला वेगळाच क्रमांक वाटतो. 'ट्रिम' सूत्र साध्या स्पेस काढतं, पण वेबपानावरून किंवा पीडीएफवरून आलेल्या डेटात एक न तुटणारी स्पेस असते, जिचा कोड १६० आहे, ती 'ट्रिम'ला जात नाही. तिला 'सब्स्टिट्यूट' वापरून आधी साध्या स्पेसमध्ये बदला, मग ट्रिम करा.

पायरी ४: तारखा

तारखांची चूक अर्धवट होते, म्हणून दिसत नाही. फाइल दिवस-महिना-वर्ष या क्रमाची आहे आणि संगणक महिना-दिवस-वर्ष या क्रमाचा आहे, असं समजा. ०५-०४-२०२३ ही पाच एप्रिलची तारीख बिनबोभाट चार मे होते. पण २५-०४-२०२३ मध्ये पंचविसावा महिना नसल्यामुळे ती तारीख बनतच नाही, मजकूर म्हणूनच राहते. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा बदललेल्या आणि उरलेल्या जशाच्या तशा. रकान्यात काही तारखा उजवीकडे सरकलेल्या आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या की हेच झालेलं असतं. डावीकडच्या पाहून लोक म्हणतात, 'एवढ्याच दुरुस्त करू'. खरं तर बिघडलेल्या उजवीकडच्या असतात. अशा वेळी सेल दुरुस्त करत बसू नका, मूळ फाइल योग्य क्रम सांगून पुन्हा आणा.

थकबाकीवरची शास्ती (दंड) किंवा व्याज तारखेवरून मोजलं जातं, तेव्हा एका महिन्याचा फरकही बिलात उतरतो. इम्पोर्टच्या फायलीत तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, जसं २०२३-०४-०५. टेम्प्लेटने दुसरा क्रम मागितला असेल तर अर्थातच तो.

काही जुन्या फायली, विशेषतः मॅकवर तयार झालेल्या, तारखा १९०४ पासून मोजतात. अशा फायलीतून दुसऱ्या फायलीत तारखा पेस्ट केल्या की सगळ्या १,४६२ दिवसांनी सरकतात. चार वर्षं आणि एक दिवसाचा फरक दिसला तर कारण हे.

पायरी ५: रकमा

रकमेच्या रकान्यात फक्त आकडा असावा. चलनाचं चिन्ह, '/-', 'नील', 'जमा', 'माफ' असे शब्द आणि स्वल्पविराम काढून टाका. पण काढण्याआधी त्यांचा अर्थ लिहून घ्या. कंसातली ५०० म्हणजे बहुधा उणे ५००, म्हणजे त्या माणसाने जास्त भरलेले पैसे. कंस नुसते पुसले तर त्याचे पाचशे रुपये येणं होतं, ते आता देणं झालं. बेरजेत फरक पडतो तो हजाराचा.

रिकामा सेल आणि शून्य यांतही गल्लत करू नका. थकबाकी शून्य म्हणजे सगळं भरलेलं आहे. थकबाकी रिकामी म्हणजे कुणी लिहिलेलीच नाही. रिकाम्या जागी सरसकट शून्य भरलंत तर न तपासलेली मालमत्ता थकबाकीमुक्त ठरते. क्षेत्रफळाचंही तसंच, आणि तिथे एककही बघावं लागतं. एकाच रकान्यात काही ओळी चौरस फुटांत आणि काही चौरस मीटरमध्ये असणं नवं नाही. एक चौरस मीटर म्हणजे साधारण १०.७६ चौरस फूट, त्यामुळे चूक दहापटीहून मोठी होते. रकाना चढत्या क्रमाने लावा आणि दोन्ही टोकं बघा. कारखान्याएवढी खोली आणि खोलीएवढा कारखाना लगेच दिसतात.

सेलमध्ये दिसणारी रक्कम आणि साठवलेली रक्कम एकच असेल असं धरून चालू नका. १००.००४ असे तीन आकडे दोन दशांशांत १००.०० दिसतात, पण त्यांची बेरीज ३००.०१ दिसते. हजारो ओळींत असे पैसे साचले की जुळणी अडते आणि कारण सापडत नाही. प्रत्येक रक्कम 'राउंड' सूत्राने आधी दोन दशांशांवर, किंवा नियमाप्रमाणे पूर्ण रुपयावर आणा आणि मगच बेरीज करा. पूर्णांक करण्यामुळे पडणारा फरक जुळणीच्या शीटमध्ये स्वतंत्र ओळ म्हणून दाखवा.

पायरी ६: नावं, पत्ते आणि देवनागरी

नोंदी मराठीत असतील तर आधी एक चाचणी करा. मजकुराचा सेल निवडा आणि फॉन्ट बदलून साधा कुठलाही इंग्रजी फॉन्ट द्या. मजकूर देवनागरीतच राहिला तर तो युनिकोड आहे, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत साठवलेला आहे. त्याची इंग्रजी अक्षरांची अगम्य जुळवाजुळव झाली तर तो जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे. तसाच चढवला तर बिलावर ती अगम्य अक्षरंच छापून येतील.

अशा मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर करावं लागतं. त्यासाठी इंटरनेटवरच्या कुठल्यातरी मोफत पानावर नागरिकांची नावं, पत्ते आणि फोन नंबर पेस्ट करणं साफ चूक आहे. आपल्याच संगणकावर चालणारं साधन वापरा किंवा पुरवठादाराकडून मागा. रूपांतरानंतर जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी असलेली शंभरेक नावं डोळ्यांनी वाचा. बिघडतं ते तिथेच.

युनिकोड असूनही एक अडचण उरते. 'दुसऱ्या मजल्यावर' हे दोन प्रकारे टंकता येतं: एकदा नुक्ता असलेला ऱ वापरून, आणि एकदा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, संगणकाला मात्र हे दोन वेगळे शब्द असतात. शोध घेताना किंवा नावांवरून जुळणी करताना निम्म्या नोंदी सापडत नाहीत, याचं कारण बऱ्याचदा हे असतं. एक रूप ठरवा आणि शोधा-बदला करून सगळीकडे तेच ठेवा. आकड्यांच्या रकान्यात देवनागरी अंक असतील तर तेही इंग्रजी अंकांत आणा. पत्त्याच्या मजकुरात ते असले तर चालतं.

पत्ता किती तोडायचा, ते टेम्प्लेट सांगेल. सेलमधल्या नव्या ओळी, म्हणजे आल्ट-एंटरने पाडलेल्या, काढून टाका. 'क्लीन' सूत्र त्या काढतं, पण दोन शब्द चिकटवून टाकतं, म्हणून आधी त्यांच्या जागी स्पेस भरलेली बरी.

प्रभाग, झोन, वापर, बांधकाम प्रकार या रकान्यांत मोकळा मजकूर चालत नाही, प्रणालीचे ठरलेले कोड लागतात. प्रत्येक रकान्यातल्या वेगवेगळ्या नोंदींची यादी काढा. 'निवासी', 'निवासि', 'रहिवासी', 'घर' अशी पाच-पंधरा रूपं निघतील. प्रत्येकापुढे कोड लिहा आणि जोडणी सूत्राने करा. 'व्हीलुकअप' वापरत असाल तर सूत्रातली शेवटची नोंद 'फॉल्स' हवीच. ती सोडली तर सूत्र जवळचं काहीतरी उचलून देतं आणि चूकही दाखवत नाही.

शीटवर काम करताना

काही गोष्टी पायरी म्हणून नाही, सवय म्हणून हव्यात. एकत्र केलेले सेल सोडवा, मधल्या बेरजांच्या ओळी काढा, शीर्षकाची एकच ओळ ठेवा, लपवलेल्या ओळी आणि फिल्टर उघडा. रंगाने सांगितलेली माहिती शब्दांत आणा. पिवळ्या ओळी म्हणजे न्यायालयात वाद चालू असलेल्या मालमत्ता, हे फक्त एका लिपिकाला ठाऊक असतं आणि इम्पोर्टमध्ये रंग जात नाही. त्या लिपिकाला विचारून वेगळा रकाना करा.

क्रमाने लावताना पूर्ण तक्ता निवडलेला आहे ना, हे प्रत्येक वेळी बघा. मध्ये एखादा पूर्ण रिकामा रकाना असेल तर एक्सेल त्याच्या अलीकडचाच भाग हलवतं आणि पलीकडच्या रकमा जागच्या जागी राहतात. नावं हलली, रकमा नाहीत. बेरीज मात्र तंतोतंत जुळते, म्हणून ही चूक बेरजेतही पकडली जात नाही. त्यासाठी सुरुवातीलाच दोन्ही टोकांना एकेक अनुक्रमांकाचा रकाना घाला. काम संपल्यावर प्रत्येक ओळीत दोन्ही अनुक्रमांक सारखे असले पाहिजेत.

शेवटी सगळी सूत्रं 'पेस्ट व्हॅल्यूज' करून आकड्यांत बदला आणि चूक झाल्याचा संदेश दाखवणारे सेल शोधून काढा.

पायरी ७: फाइल साठवणं

टेम्प्लेट सीएसव्ही मागत असेल तर 'सेव्ह अॅज' मध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडा. नुसता सीएसव्ही निवडला तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं साठवली जाऊ शकतात आणि ती परत अक्षरं होत नाहीत. साठवलेली फाइल एक्सेलमध्ये नव्हे, नोटपॅडसारख्या साध्या संपादकात उघडून बघा. क्रमांकांची शून्यं आहेत का, तारखा ठरल्या क्रमात आहेत का, स्वल्पविराम असलेले पत्ते दुहेरी अवतरणात आहेत का. इथे जे दिसतं तेच प्रणालीला दिसणार आहे.

पायरी ८: चाचणी आणि जुळणी

पहिला इम्पोर्ट चाचणीच्या प्रणालीवर करा, आणि त्यासाठी पहिल्या पन्नास ओळी घेऊ नका. त्या सरळसोट असतात. वाकड्या निवडा: अनेक मालकांची मालमत्ता, करमाफी असलेली, आगाऊ जमा असलेली, वादातली, क्रमांकात अक्षर असलेली, सर्वांत लांब पत्त्याची, बारा तारखेच्या आतली आणि नंतरची पावती. या निघाल्या की बाकीच्या निघतात.

चढवण्याचा क्रमही असतो: आधी कोडांच्या याद्या, मग मालमत्ता, मग मालक, मग आकारणी आणि मागणी, मग थकबाकी आणि शेवटी पावत्या. मालमत्ताच नसेल तर तिची पावती कशाला जोडणार?

चुकांचा अहवाल आला की दुरुस्ती तयारीच्या फायलीत करा आणि फाइल पुन्हा चढवा. थेट प्रणालीच्या पडद्यावर दुरुस्त केलेली ओळ पुढच्या इम्पोर्टमध्ये पुन्हा बिघडते. दुसऱ्यांदा चढवताना प्रणाली जुनी नोंद बदलते की नवी जोडते, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. नवी जोडत असेल तर आधीच्या नोंदी पुसल्याशिवाय चढवू नका, नाहीतर मागणी दुप्पट होईल.

खऱ्या प्रणालीवर चढवण्याआधी तिचा बॅकअप घेतला आहे आणि तो परत उतरवून पाहिला आहे, याची खात्री करा. मग चढवा, आणि पहिल्या पायरीतली शीट समोर घ्या. प्रभागनिहाय संख्या, मागणी, थकबाकी, वसुली, आगाऊ जमा. एकूण बेरीज जुळली एवढ्यावर थांबू नका, दोन प्रभागांतल्या उलटसुलट चुका एकमेकींना झाकतात. प्रभाग जुळले की प्रत्येक प्रभागातल्या काही मालमत्ता आंधळेपणाने उचला आणि नव्या बिलाची जुन्या नोंदवहीशी ओळीने ओळ तुलना करा. हे काम ज्याने डेटा तयार केला त्याने करू नये. दुसऱ्या माणसाकडून करून घ्या.

जुळणीच्या शीटवर कर विभाग आणि लेखा विभाग दोघांच्या सह्या झाल्या की ठरल्या तारखेनंतरच्या पावत्या चढवा आणि त्यांचीही बेरीज रोजकीर्दीशी (रोजच्या जमाखर्चाच्या वहीशी) लावा. नव्या प्रणालीत क्रमांक बदलले असतील तर जुन्या क्रमांकावरून नवा क्रमांक सांगणारी यादी भरणा खिडकीवर देऊन ठेवा. लोक पुढची काही वर्षं जुनी पावती घेऊनच येणार आहेत.